काडीएवढा ब्रेड, पण प्रश्न किती!

मागच्या अंकात इटलीतल्या ट्युरिनच्या आठवणी लिहिताना मी सहज एका ओळीत म्हटलं होतं की तिथे जेवायला बसलं की आधी ग्रिसिनी येतात, म्हणजे त्या लांब, सुक्या, कुडुमकुडुम ब्रेडच्या काड्या, आणि अर्धं पोट त्यांच्यावरच भरतं. बस, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की ह्या वेळचं सदर ग्रिसिनीलाच देऊन टाकलं. ज्यांनी ढोकळा आणि केकबद्दल विचारलंय त्यांनी प्लीज पुढच्या अंकापर्यंत थांबा.

ताई, लेकीचा साखरपुडा घरीच आहे, चाळीसेक माणसं, सगळी शाकाहारी. जेवणाआधी थोडं इटालियन काहीतरी ठेवावं असं तिचं म्हणणं. आमच्या बेकरीत सूप स्टिक मिळतात, तेच ग्रिसिनी ना? आणि पिझ्झाबरोबर येतात त्या गार्लिक ब्रेडस्टिक्स, त्या वेगळ्या का? — नाशिकहून एक आई

आधी लेकीचं अभिनंदन! सूप स्टिक ही ग्रिसिनीची लांबची भाची समजा. चेहरा सारखा पण वळण वेगळं. आपल्याकडच्या सूप स्टिक बहुतेक आखूड, एकसारख्या आणि तुपकट असतात, कधी ओवा, कधी जिरं, त्यांची ओढ खारी-बटरच्या बाजूला जास्त. खरी ग्रिसिनी म्हणजे साधा ब्रेडच, फक्त त्यातला मऊ भाग पूर्ण गायब केलेला, नुसतं कवच. पीठ, पाणी, यीस्ट, मीठ, थोडं तेल, संपलं. आणि पिझ्झावाल्या ब्रेडस्टिक्सचा ह्याच्याशी नावापुरताच संबंध आहे हो, ती मऊ, लोण्यालसणाची अमेरिकन गोष्ट आहे, ती ट्युरिनमध्ये कुणासमोर ठेवली तर तो विचारेल की हे भाजायचं राहिलंय का.

तिथे दोन प्रकार चालतात. एक ‘स्तिरातो’, म्हणजे ताणलेली, पिठाची पट्टी दोन्ही हातांनी धरून ओढायची, जुने बेकर तर हात पसरून वावभर लांब ओढतात. दुसरी ‘रुबाता’, म्हणजे हाताखाली वळलेली, जरा गाठीगाठीची, थोडी जाड, ट्युरिनजवळच्या किएरी गावची प्रसिद्ध. मला स्वतःला रुबाता जास्त आवडते कारण तिला हाताची खूण असते, पण घरी करायला ताणलेलीच सोपी पडते, ते का ते खाली ठाण्याच्या ताईंना सांगितलंय.

आता तुमचं साखरपुड्याचं. एक लक्षात घ्या, तिथे ग्रिसिनी म्हणजे फरसाण नाही, पानातला ब्रेड आहे. हॉटेलात बसलात की ती कागदी पाकिटात टेबलावर असते, चांगल्या ठिकाणी तर पाकीटबिकीट नाही, सरळ टेबलक्लॉथवर आडवी ठेवतात, आणि मग प्रत्येक पदार्थाबरोबर मोडून मोडून खातात. संध्याकाळी वर्मुटच्या ग्लासाबरोबर तर असतेच (वर्मुट म्हणजे औषधी वनस्पती-मसाले घातलेली वाइन, तीही ट्युरिनचीच, १७८६ साली कार्पानो नावाच्या माणसाने तिथेच आणली). तुमच्याकडे वर्मुट चालणार नसेल, आंब्याचं पन्हं चालेल, काड्यांना त्याने काही फरक पडत नाही.

मांडायचं कसं तर स्टीलचे किंवा काचेचे उभट पेले घ्या, त्यात काड्या उभ्या, दोन-तीन टेबलांवर वाटून. माणशी तीन धरा म्हणजे १२० काड्या. बरोबर काय द्यायचं तर भाजून साल काढलेल्या लाल सिमला मिरच्या, तेल-मीठ आणि किंचित लसूण लावून. ट्युरिनच्या दक्षिणेला कार्मान्योला गाव मोठ्या मिरच्यांसाठीच ओळखलं जातं आणि तिथे हे कॉम्बिनेशन घरोघरी. किंवा चक्का फेटून त्यात मीठ, मिरपूड, ऑलिव्ह ऑइल. चीज सॉस, मेयोनीज वगैरे नका करू, इतकी नाजूक काडी घट्ट डिपमध्ये बुडवली की मोडते आणि मग पाहुणे बोटं घालतात, चाळीस माणसांत ते नको.

व्हॉट्सअॅपवर आलं की ग्रिसिनी नेपोलियनने शोधून काढली. नातू म्हणतो खोटं, मी म्हणतो असेल. निकाल द्या. — सदाशिव पेठेतले एक आजोबा

नातू जिंकला आजोबा, पण तुम्ही अगदीच हरलात असं नाही.

गोष्ट अशी सांगतात. ट्युरिन तेव्हा सवॉय घराण्याच्या ड्यूकांची राजधानी. दुसरा व्हित्तोरिओ आमेदेओ हा १६६६ सालचा जन्म, वडील गेले तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा, कारभार आईच्या हातात, आणि हा मुलगा कायम पोटाने आजारी. काही पचायचं नाही. तर १६७९ मध्ये दरबारचे वैद्य तेओबाल्दो पेक्कियो ह्यांनी सांगितलं की ह्याला ब्रेडचा मऊ गर नको, नीट खरपूस भाजलेला हलका ब्रेड द्या, आणि दरबारचा बेकर आंतोनिओ ब्रुनेरो ह्याने नेहमीच्या लांबट ब्रेडचं पीठ ताणून ताणून काडी केली. पोरगा बरा झाला, पुढे १७१३ मध्ये सिसिलीचा राजा झाला, मग १७२० मध्ये सार्डिनियाचा. ते ग्रिसिनीमुळे झालं असं कुणी म्हणत नाही पण ट्युरिनकर तसं सुचवतात जरूर.

आता ह्यातली गंमत बघा. फ्लॉरेन्सच्या एका धर्मगुरूने १६४३ मध्येच, म्हणजे हा मुलगा जन्मायच्याही आधी, ट्युरिनजवळच्या किवास्सो गावात हातभर लांब आणि एकदम बारीक ब्रेड पाहिल्याचं लिहून ठेवलंय. मग ब्रुनेरोने शोधली कशी? मला वाटतं आधीपासून असलेली चीज दरबारात पोचली आणि तिला वंशावळ मिळाली, आपल्याकडेही किती पदार्थांना असे पेशवे चिकटवलेले असतात. नावसुद्धा ‘गेर्सा’ नावाच्या जुन्या लांबट ब्रेडवरून आलंय, म्हणजे काडी ही त्या ब्रेडचीच लेक.

नेपोलियनचं काय, तर ट्युरिन ज्यात येतं तो पिएमोंते प्रांत १८०२ मध्ये फ्रान्सने गिळला होता, आणि असं म्हणतात की त्याला ह्या ‘ट्युरिनच्या छोट्या काठ्या’ इतक्या आवडल्या की पॅरिसपर्यंत खास टपालाची सोय केली. मी ह्याला आख्यायिकाच म्हणते. दुसरी एक त्याहून मजेदार आहे, राजा कार्लो फेलिचे नाटकगृहात आपल्या खाजगी बॉक्समध्ये बसून खेळ चालू असताना ग्रिसिनी खायचा. कुडुम कुडुम. राजा होता म्हणून खपलं, आपण बालगंधर्वला वेफर्सचं पाकीट उघडलं तर मागची बाई काय म्हणते ते माहितीय.

मी दोनदा केल्या. पहिल्यांदा दगड, दात दुखायला लागला. दुसऱ्यांदा वरून छान लाल पण दुसऱ्या दिवशी चिवट, रबरासारख्या. मी दूध घालते, पीठ चिकटतं म्हणून मळताना मैदा टाकत जाते, आणि पोळपाटावर लांब वळते. काय चुकतंय? — ठाणे

अहो तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, तीनही गोष्टी एकेक करून बघू.

पहिलं म्हणजे मैदा टाकत जाणं. चिकटतं म्हणून थोडा, अजून थोडा, असं करत करत शंकरपाळ्याचं पीठ होतं आणि मग यीस्ट बिचारं फुगवणार काय? काडी खुसखुशीत लागते ती आतल्या बारीक बारीक पोकळ्यांमुळे. घट्ट पिठात पोकळ्या होतच नाहीत, भाजल्यावर सलग कडक दांडी मिळते. तो तुमचा दगड. पीठ हाताला किंचित चिकटलं पाहिजे, तेलाचा हात घ्या, मैद्याचा नको.

दुसरं दूध. दुधातली साखर आणि प्रोटीन ह्यांनी रंग लवकर चढतो. बाहेरून लाल झालं म्हणून तुम्ही काढता आणि आत अजून ओल आहे. गरम असताना ती कळत नाही, काडी कुरकुरीतच वाटते, पण रात्रभरात आतली ओल बाहेरच्या कवचात सरकते आणि सकाळी सगळी काडी चिवट. ग्रिसिनी ही भाजायची गोष्ट आहे त्याहून जास्त ती वाळवायची गोष्ट आहे, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. पापड वाळवताना कसं, वरून सुकला म्हणून आपण डब्यात भरत नाही ना.

तिसरं पोळपाटावर वळणं. मी वर म्हटलं ना की रुबाता वळूनच करतात, पण त्यांचा वर्षांचा हात आहे आणि पिठाला भरपूर विश्रांती असते. आपण वळायला लागलो की पीठ रबरासारखं मागे येतं, मग आपण जोर लावतो, जोराने आतली हवा जाते, आणि काडी एका टोकाला जाड एका टोकाला बारीक. बारीक टोक करपतं, जाड टोक कच्चं.

म्हणून ताणायचीच करा. माझं घरचं माप देते, पंचवीसेक काड्या होतात. मैदा २५० ग्रॅम, पाणी १४० मिली, ऑलिव्ह ऑइल २५ ग्रॅम (नसेल तर शेंगदाण्याचं घ्या, चव वेगळी येते पण वाईट नाही), मीठ ५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, साखर अर्धा चमचा. दहा मिनिटं मळा. मग आणि ही खरी युक्ती आहे, गोळा करून भांड्यात नका ठेवू, ओट्यावर रवा पसरून त्यावर हातानेच बोटभर जाडीचा लांबट चौकोन थापा, वरून सगळीकडे तेल लावा, अजून बारीक रवा भुरभुरवा, आणि झाकून तास-दीड तास विसरून जा. फुगलं की त्याला हात लावायचा नाही, परत मळायचं तर नाहीच नाही. धारदार सुरी किंवा पोळ्या कापायचं चाक घेऊन आखूड बाजूने सेंटिमीटरभर पट्ट्या कापा, एकेक पट्टी मधून उचला आणि दोन्ही हातांनी हळूहळू ट्रेच्या लांबीइतकी ताणा. ती स्वतःच्या वजनानेच लांबते, तुम्हाला फार काही करावं लागत नाही. वाकडीतिकडी झाली तर होऊ दे. तुटली तर दोन आखूड काड्या.

ओटीजी २०० डिग्रीला चांगला पंधरा मिनिटं आधी तापलेला हवा, मग १५ ते १८ मिनिटं, अर्ध्यात ट्रे फिरवायचा कारण आपले ओटीजी एका कोपऱ्यात जास्तच तापतात. रंग आला की तापमान १४० वर आणून अजून आठ-दहा मिनिटं. मग एक काडी काढून पूर्ण गार करा, पूर्ण, आणि मोडा. टचकन आवाज आला पाहिजे. वाकली तर बाकीच्या परत आत. पेन्सिलीपेक्षा जाड काड्या ह्या मापात वाळणार नाहीत हेही सांगून ठेवते.

पावसाळ्यात आमच्याकडे खारीसुद्धा अर्ध्या तासात नरम, तिथे ह्या काड्या टिकतील का? — चिपळूण

टिकतील, डब्यात. बाहेर ताटलीत नाही, तिथे कुणाचंच चालत नाही. अगदी कोरडी काडी हवेतली ओल शोषून घेते, आणि थोडीशी ओल शोषली तरी ती मोडायच्याऐवजी वाकायला लागते, ह्यात तुमच्या हातचं काही चुकलेलं नसतं. पूर्ण गार झाल्यावरच भरा, कोमट भरल्या तर डब्याच्या आतच पाऊस पडतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा, लांब डबा नसेल तर करतानाच आखूड करा, डब्याला काडी मोडून बसवण्यापेक्षा बरं. नरम झाल्याच तर १५० डिग्रीला पाच-सात मिनिटं परत तापवा आणि परत गार करा, अगदी नव्यासारख्या. तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता फिरवत फिरवतही होतं पण वेळ लागतो.

आणि चीज, कांदा, टोमॅटो असलं काही पिठात घालून टिकवायच्या भानगडीत तुम्ही चिपळूणला जूनमध्ये पडू नका. तीळ घाला, खसखस घाला, ओवा घाला.

राजाला पोटासाठी दिल्या म्हणजे डाएटला चांगल्या ना? मी चपाती सोडून हेच खायचं म्हणते. — कोल्हापूर

नका सोडू चपाती. पाणी उडालेलं असल्यामुळे १०० ग्रॅम ग्रिसिनीत ४०० च्या वर कॅलरी बसतात, साध्या ब्रेडपेक्षा खूपच जास्त, आणि हलक्या लागतात म्हणून गप्पा मारता मारता दहा कधी संपल्या कळत नाही. मैदाच आहे शेवटी. कणकेच्याही होतात, निम्मी कणीक निम्मा मैदा घेऊन पाणी चमचा-दोन चमचे वाढवा, ताणताना जरा जास्त तुटतील, चव मात्र खरंच छान येते. पण डाएट म्हणून नाही हं. आणि पोटाचं काही दुखणं असेल तर १६७९ चा सल्ला नको, आत्ताच्या डॉक्टरांचा घ्या.

आम्ही स्टुटगार्टला असतो, ईस्टरच्या सुट्टीत गाडीने ट्युरिनला जातोय. सासू-सासरे बरोबर आहेत, पक्के शाकाहारी, अंडंही नाही. ग्रिसिनी तरी बिनधास्त खाऊ शकतील ना? — जर्मनीहून एक सून

बिनधास्त नाही, वाचून. हे बरं झालं विचारलंत, कारण मी स्वतः ह्यात फसले होते. तिथे गेल्यावर पहिले दोन महिने मी रोज एक पाकीट आणायचे, आईला फोनवर सांगायचे की बाकी काही नसलं तरी ह्या काड्या आहेत, आणि एक दिवस शेजारच्या आजींनी पाकिटावर बोट ठेवून विचारलं, तू मांस खात नाहीस ना, मग हे? तिथे लिहिलं होतं ‘स्त्रुत्तो’. म्हणजे डुकराची चरबी. जुन्या पद्धतीत तेलाऐवजी ती घालतात, काड्या जास्त खुसखुशीत होतात, लपवाछपवी काही नाही, स्पष्ट लिहिलेलं असतं, वाचत नव्हते ती मीच. आईला ते अजून सांगितलेलं नाही, आणि हा अंक तिच्याकडे जातो, तर आता कळेलच.

तर पाकिटावर ‘स्त्रुत्तो’ हा शब्द शोधा, असेल तर ठेवून द्या. ‘ओलिओ दी ओलिवा’ म्हणजे ऑलिव्ह ऑइल, ते चालेल. ‘अल्लाक्वा’ लिहिलेल्या म्हणजे पाण्यावर केलेल्या काड्याही मिळतात, पण त्यातही घटकांची यादी बघाच. बेकरीतून सुट्या घेताना सरळ विचारा, “चे लो स्त्रुत्तो?” म्हणजे ह्यात चरबी आहे का. खाण्याच्या बाबतीत विचारलेलं त्यांना आवडतंच, उलट दहा मिनिटं माहिती देतील.

काड्यांबरोबर जे येतं तिथे जास्त सांभाळा. हॅम गुंडाळलेली काडी दिसतेच, तिचं काही नाही. पण ‘बान्या काउदा’ म्हणून भाज्या बुडवायचं गरम लसणीचं डिप असतं, दिसायला अगदी निष्पाप, त्यात अँचोव्ही नावाचे खारवलेले छोटे मासे विरघळलेले असतात. हिरव्या चटणीतही बरेचदा तेच. सासूबाई हिरवी चटणी म्हणून हात पुढे करतील, तेव्हा तुम्ही शेजारी बसा. चीजमध्येही काही ठिकाणी वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं विरजण, असतं, ते त्यांना चालतं की नाही हे घरून निघण्यापूर्वीच ठरवून घ्या, हॉटेलात वाद नको.

आणि बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही युरो लावलेले दिसतील, टेबलाचा आणि ब्रेडचा आकार असतो तो, बऱ्याच ठिकाणी असतो, काड्यांना हात लावला नाही तरी. सासरे “आम्ही हे मागवलंच नव्हतं” म्हणून उठतील, माझेही उठले होते. बसवा त्यांना परत.

ओव्हन नाही, तळून चालतील का? — परभणी, हॉस्टेलवरून

तळल्या तर ती जाड शेव होईल, चांगली लागेल, पण ग्रिसिनी नाही. हॉस्टेलवर कुणाकडे एअर फ्रायर असेल तर बोटभर लांबीच्या काड्या करून १७० ला दहा-बारा मिनिटं, मी करून बघितल्यात, होतात. फक्त वरचा रवा झटकून टाका आधी, नाहीतर पंख्याने तो सगळ्या मशीनभर उडतो आणि मग ज्याचा एअर फ्रायर आहे तो परत देत नाही.